हालू नका, थो काई करत नाई!

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, की वऱ्हाडाच्या मोकळ्या रानात दोन कळप उतरतात. एक मेंढरांचा. दुसरा अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित माणसांचा. पहिला कळप पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वाटेनं येतो, शेतमालकाशी बोलणी करून त्याच्या वावरात बसतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतो आणि काही रात्रींनी पुढच्या गावाला लागतो. दुसरा कळप रविवारी पहाटे निघतो. कुणाच्या गळ्यात दुर्बीण असते, कुणाच्या बुडाखाली सायकल, आणि दहाच्या आत गिला वडा खायला तो शहरात परतलेला असतो. या दोन कळपांची गाठ पडते तेव्हा मधोमध एक तिसरा प्राणी उभा असतो. उंची गुडघ्याच्या जरा वर, रंग मातकट किंवा काळा-पांढरा, एक कान ताठ आणि दुसरा कुठल्याशा जुन्या भांडणात फाटलेला. धनगराचं कुत्रं.

ते आधी भुंकतं. मग दहा पावलं पुढं येतं, थांबतं, मागे वळून मेंढरांकडे पाहतं आणि पुन्हा दहा पावलं पुढं येतं. तेवढ्यात बाभळीखालून धनगराची हाक येते, "हालू नका भाऊ, थो काई करत नाई!"

या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी पटत नाहीत, हे घाबरलेल्या माणसालाही कळतं. तो काही करत नसेल तर हालायचं का नाही? आणि हालण्याची एवढी भीती असेल तर तो काहीतरी करतो, हे उघड आहे. एखादा धीट पाहुणा जागच्या जागी गोठून तसं विचारतोसुद्धा. त्यावर मिळणारं उत्तर तर्कशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकानं वहीत उतरवून घ्यावं असं असतं. "तुमी पयान तं थो धावन. तुमी नाईच पयान तं थो कायले धावन?"

बाहेरच्या जगाला हेच समजून घ्यायला एक प्रकल्प काढावा लागला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर आणि त्यांच्या पत्नी लॉर्ना यांनी राखणदार कुत्र्यांचा अभ्यास हाती घेतला. तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया इथून पिल्लं आणली, ती शेतकऱ्यांना वाटली आणि वर्षानुवर्षं निरीक्षणं टिपली. त्यातून दिसलं ते असं, की कळपाचं चांगलं कुत्रं लांडग्याशी क्वचितच भिडतं. ते त्याच्या कामात मोडता घालतं. भुंकतं, पुढं जातं, मागे येतं, पुन्हा जातं, कधी तर शेपूटही हलवतं. शिकारी प्राण्याची शिकार ठरावीक क्रमानं चालते. आधी हेरणं, मग दबकणं, मग झडप. मध्येच कुणी येऊन आरडाओरडा केला की तो क्रम तुटतो, आणि तुटला की लांडगा वैतागून निघून जातो. कार्यालयात फाइल पुढं सरकू न देण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे तंत्र नव्यानं सांगायला नको.

म्हणजे 'थो काई करत नाई' हे खरंच. काही न करणं हेच त्याचं काम. आणि 'हालू नका' हेही खरं, कारण पळणारी वस्तू दिसली की कुठल्याही कुत्र्याच्या डोक्यात एक फार जुनी कळ दाबली जाते आणि मग अभ्यास, प्रकल्प सगळे मागे पडतात.

शहरी माणसाचा गोंधळ मुळात सिनेमानं केला. इंग्रजी चित्रपटात मेंढपाळ शीळ घालतो आणि काळं-पांढरं गोजिरवाणं कुत्रं हिरव्या टेकडीवरून मेंढ्या वळवून फाटकात आणतं. ते बॉर्डर कॉली. त्याचं काम मेंढ्या हाकण्याचं. वऱ्हाडात मेंढ्या हाकायला माणूस, त्याची काठी आणि त्याचा घसा पुरतो. इथलं कुत्रं मेंढ्यांना एका शब्दानं बोलत नाही. ते त्यांच्यातलंच असतं. पिल्लू वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर जन्मतं, वाघूर म्हणजे जाळं लावून बंदिस्त केलेल्या कोकरांच्या शेजारी झोपतं, त्यांची तोंडं चाटतं, मेंढ्यांच्या लाथा खातं. कुत्र्याच्या पिल्लाचं सोयरसुतक पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरून जातं. त्या काळात ज्यांचा वास नाकात बसला ते आपले, बाकीचे चौकशीस पात्र. कॉपिंजर दांपत्यानं हे कागदावर मांडलं. धनगर काही मांडत नाही. पिल्लू कोकरांत सोडतो आणि चहा ठेवतो.

जगभर अशा राखणदार कुत्र्यांना मोठमोठ्या नेमणुका मिळाल्या. नामिबियात 'चीता कन्झर्व्हेशन फंड' ही संस्था 1994पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाची ॲनाटोलियन कुत्री देते. त्यांनी शेळ्यामेंढ्या राखल्या की शेतकरी चित्त्यांवर बंदूक उचलत नाही. सप्टेंबर 2022मध्ये आपल्या कुनोत जे चित्ते विमानानं उतरले ते याच नामिबियातून आले होते. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूल गावाजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोटे पेंग्विन जवळजवळ संपवत आणले, तेव्हा 2006पासून तिथं इटालियन मरेमा कुत्र्यांची नेमणूक झाली. पेंग्विनची राखण! आपल्या वाड्यावरच्या वाघ्याला हे सांगितलं तर तो एक कान हलवेल आणि पुन्हा मेंढ्यांकडे पाहील.

कारण त्याला स्वतःला कुठलीच पाटी मिळालेली नाही. 2005च्या जानेवारीत टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. त्यांवर मुधोळ हाउंड, रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉग यांच्या छबी होत्या. 2025मध्ये हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली. वऱ्हाडातल्या वाड्यावरच्या कुत्र्याला ना तिकीट ना नोंद. ते बहुतेक वेळा गावकुत्र्याचंच लेकरू असतं. मायबाप कोण हे ठाऊक नसतं, आणि कामाच्या वेळी कुणी विचारतही नाही. पगार म्हणजे ज्वारीची भाकरी, कधी उरलंसुरलं कालवण. हे नुसतं ऐकीव नाही. अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या मोकाट कुत्र्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो 2009 साली छापून आला. माळावर फिरणाऱ्या या कुत्र्यांचं पोट मुख्यतः माणसाकडून मिळालेल्या अन्नावरच भरतं, असं त्यात आढळलं. थोडक्यात, रानातला हा रुबाब भाकरीवर चालतो.

आता रविवारच्या कळपातल्या सर्वांत धोक्याच्या जातीकडे वळू. ही जात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची.

अमरावतीजवळ पोहरा-मालखेडचं रान आहे, छत्री तलाव आहे. अकोल्याकडे कापशीचा तलाव आणि पुढं काटेपूर्णा. पाणपक्षी तलावावर सापडतात, पण धाविक नावाचा एक देखणा पक्षी मात्र उघड्या, खुरट्या गवताच्या जमिनीवर राहतो. वऱ्हाडात अशी जमीन बहुधा ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची. मेंढरंही तिथंच. धाविकाची छाती विटकरी, भुवई पांढरी, आणि स्वभाव चार पावलं पळून थांबण्याचा. त्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून निघावा अशी सध्या रीत आहे. त्यासाठी छायाचित्रकार काय करतो ते जरा वाड्याच्या बाजूनं पाहा.

तो गाडी पांधणीत लांब उभी करतो. अंगात वाळल्या पानांची नक्षी छापलेलं मातकट जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी. धुऱ्याच्या आडोशानं वाकून येतो. मग गुडघ्यांवर बसतो. मग पोटावर पडतो. कोपरांवर सरकतो, थांबतो, डोकं किंचित वर करतो, एकटक पाहतो, पुन्हा सरकतो. तोंडातून आवाज नाही. मध्ये धाविक आहे आणि धाविकाच्या पलीकडे दोनेकशे मेंढ्या.

कुत्र्यानं यातून काय निष्कर्ष काढावा? त्याच्या आजोबा-पणजोबांपासून घराण्यात एकच गोष्ट शिकवली गेली आहे. मातकट रंगाचं, जमिनीला चिकटलेलं, आवाज न करता मेंढ्यांच्या दिशेनं सरकणारं जे काही असतं, ते लांडगा असतं. फरक असलाच तर इतकाच, की या लांडग्याला डास पळवणाऱ्या मलमाचा वास येतो आणि त्याचा एक डोळा फूटभर लांब आहे. कुत्रं कर्तव्याला जागतं. धाविक उडून जातो. छायाचित्रकार उठून उभा राहतो, आणि सरपटणारा लांडगा एकाएकी दोन पायांवर उभा राहिलेला पाहून कुत्र्याच्या आवाजाची पट्टी आणखी चढते. बाभळीखालून हाक येते, "हालू नका भाऊ!" भाऊंच्या हातातली लेन्स लाखाच्या घरातली असते. ते हालत नाहीत, पण लेन्स हालत असते.

एरवी जे लाल बनियन घालून, मोबाइलवर गाणी लावून, दोस्ताशी मोठमोठ्यानं बोलत जातात त्यांच्यावर हीच कुत्री फारसा वेळ घालवत नाहीत. चोर असा येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. पक्षी बघायला गेलेल्याचं मात्र सगळं शिक्षणच कुत्र्याच्या दृष्टीनं गुन्हेगारीचं.

आणि लांडगा हा काही कल्पनेतला शत्रू नाही. वाघ मेळघाटात राहतो, त्याला 1973-74पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पर्यटक आहेत, जिप्सी आहेत. लांडग्याला दाट जंगल नको असतं. त्याला पडीत, माळ, नाल्याचे काठ आणि ई-क्लास लागतं, म्हणजे सरकारी कागदांवर ज्या जमिनीचं वर्णन बरेचदा 'पडीक' असं असतं ती. वजनानं साधारण वीस किलोचा हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीला. मात्र त्याचं जेवण अनेकदा धनगराच्या वाघुरीत बांधलेलं असतं. एक लांडगा एका बाजूनं कुत्र्यांना गुंतवतो आणि दुसरा मागच्या बाजूनं कोकरू उचलतो, असं मेंढपाळ सांगतात. शिवाय अमरावती शहराच्या कडेला बिबटे फिरतात, अगदी विद्यापीठाच्या आवारातही त्यांचा वावर असतो. रात्री दोन वाजता वाड्यावर जागं कोण राहणार? दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चाललेला माणूस की दुपारभर बाभळीखाली झोपून घेतलेलं कुत्रं? म्हणून दिवसा आळशी दिसणाऱ्या या कुत्र्याला हसू नये. त्याची रात्रपाळी असते.

या सगळ्या उपद्व्यापात शेतकऱ्याचा फायदा किती, हे रविवारच्या पाहुण्याला सहसा ठाऊक नसतं. लेंडीखत तर आहेच. पण 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कपाशीची दाणादाण उडवली, तेव्हापासून कृषी खातं आणि कृषी विद्यापीठं एक गोष्ट घोकून सांगतात, की शेवटची वेचणी झाली की फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं पुढचं पीक, घेऊ नका, उभ्या पराटीत शेळ्यामेंढ्या चारा. उरलेली बोंडं आणि पानं त्या खातात, बोंडांतल्या अळ्याही त्यांच्याबरोबर जातात. अळीपासून वावराची राखण मेंढी करते आणि मेंढीची राखण कुत्रं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीची अंमलबजावणी करणारा सर्वांत खालच्या श्रेणीतला कर्मचारी शोधायचा, तर तो शेपटीचा निघेल.

फिरत्या माणसांकडे संशयानं पाहण्याची सवय अर्थात फक्त कुत्र्यांना नाही. जानेवारी 2022मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छच्या रबारी पशुपालकांचे 58 उंट ताब्यात घेतले. उंट कत्तलीसाठी चालले आहेत, अशी तक्रार आली होती. पशुपालक सांगत होते, आम्ही उंट घेऊन असेच फिरतो, बापजाद्यांपासून फिरतो. उंटांची रवानगी अमरावतीच्या गोरक्षणात झाली, प्रकरण धामणगाव रेल्वेच्या न्यायालयात गेलं आणि पुढं उंट मालकांकडे परत देण्याचा आदेश झाला. वाड्यावरचं कुत्रं पाहुण्याची चौकशी पाच मिनिटांत आटोपतं आणि धनगराची शीळ आली की आदेश पाळतं.

सायकलवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या पायांत वेग असतो आणि वेगावर भरवसा असतो. कुत्रं दिसलं की ते जोरात पायडल मारतात. फिरणारं चाक आणि फिरणाऱ्या पोटऱ्या हे दृश्य कुत्र्याला आवरत नाही. आल्प्समध्ये 1990च्या दशकात लांडगे परतले तसे मेंढपाळांनी पुन्हा मोठी राखणदार कुत्री आणली. आता स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या डोंगरवाटांवर चित्रं काढलेले फलक असतात. कुत्रं आलं तर थांबा, सायकलवरून उतरा, काठी उगारू नका, कळपाला वळसा घाला. वऱ्हाडात फलक नाही. इथं तेच सगळं एका हाकेत सांगितलं जातं, फुकट आणि ज्याच्या त्याच्या भीतीच्या मापानं.

हिमालयात ट्रेकिंगला जाऊन आलेला अमरावतीकर इथं आणखी एक चूक करतो. तिकडं गद्दी कुत्र्याच्या गळ्यात बिबट्यापासून बचावाचा काटेरी लोखंडी पट्टा असतो, ते पट्ट्यासकट येऊन पायाशी बसतं आणि ट्रेकर त्याला बिस्किटं भरवतो. तीच माया घेऊन हा गृहस्थ वाड्यापाशी खिशातून ग्लुकोजचा पुडा काढतो. धनगराला हे अजिबात आवडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. बिस्किटाला भुललेलं कुत्रं रात्री मटणाच्या तुकड्यालाही भुलेल. मेंढ्या लांडग्याइतक्याच चोरांनाही हव्या असतात.

कुत्र्याविषयी आपली भक्ती तशी जुनी. वऱ्हाडात दत्तासाठी कारंज्याची वारी घरोघर आहे, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेद आहेत असं आपण मुलांना सांगतो. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हेही सांगतो. पण त्या गोष्टीत धावत होते नामदेव. कुत्रं मागे लागल्यावर कुणाला तूप आठवल्याचं ऐकिवात नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे कुत्र्याचं गौरवपत्र व्हायचं. राखणदार कुत्री कामावरून सुटली की ससे, हरणांची पिल्लं, जमिनीवरची घरटी काहीच सोडत नाहीत. नान्नज भागातल्याच अभ्यासांत दिसलं, की कुत्री असतील तिथं खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, समोर खाणं असूनही मागे हटतो. आणि लांडग्याशी असलेलं वैरही बारमाही नाही. 2023मध्ये पुण्याजवळच्या माळरानावरच्या प्राण्यांच्या जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा ठोस पुरावा मिळाला. रात्रपाळीत शत्रू, सुटीत सोयरीक. गंमत वाटते, पण देशी लांडगा आधीच मोजका उरला आहे. असे व्याही वाढले तर लांडगा लांडगा राहायचा नाही. त्यातच रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांना लागतात.

तेव्हा वाडा दिसला की मेंढरांच्या मधून रस्ता काढू नये, वळसा घालावा. लांबूनच धनगराला रामराम घालावा. मोठ्यानं बोलावं, उभं राहून चालावं, गोटा उचलू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये. सायकलवरून उतरावं आणि सायकल मध्ये ठेवावी. फोटो हवा असेल तर आधी विचारावं, म्हणजे कुत्र्याला बाभळीखाली बसवून धनगरच धाविक कुठं आहे ते दाखवील. त्याला ते तुमच्यापेक्षा नक्की जास्त ठाऊक असतं. इतकं करूनही दात लागलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथं लस फुकट मिळते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असे असतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. चौथ्या डोसाला कंटाळा करू नये.

आणि अमरावती-अकोल्याच्या पक्षिमित्रांना, सायकलवाल्यांना, निसर्ग मंडळांना एक विनंती. हंगामातला एक रविवार धाविकाला सुटी द्या. ओळखीचा एखादा पशुवैद्य, बर्फाच्या डब्यात रेबीज आणि डिस्टेंपरची लस, आणि धनगराशी आधी फोनवर बोलून ठरवलेली जागा, एवढं जमवलं की एका सकाळी दोन-तीन वाड्यांवरची कुत्री टोचून होतात. त्यात कुत्र्याचं भलं आहे, लांडग्याचं आहे, खोकडाचं आहे आणि तुमच्या पोटरीचंही. फक्त त्या दिवशी ते पानांच्या नक्षीचं जाकीट घरी ठेवून या.